महादेवाची दाढ

सटवाजीमामा माणूस भेटला की आधी त्याच्या दातांकडे बघत. नाव, गाव, कुणाचा पाहुणा ही चौकशी मागाहून. मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते तेव्हा परभणीहून मला बघायला पाहुणे आले. चहा फिरला. मुलाच्या चुलत्यानं मुलाचं वय चोवीस सांगितलं, घर सांगितलं, नोकरी सांगितली. मामा सतरंजीच्या कोपऱ्यावर मांडी घालून गप्प बसले होते. मुलगा कशाला तरी हसला आणि मामा एकदम पुढे सरकले.

"पाहुणं, जरा आ करा बरं."

मुलाला वाटलं थट्टा आहे. त्यानं हसत हसत आ केला. मामांनी मान वाकडी करून आत बघितलं आणि आपल्या जागेवर परत जाऊन बसले.

"चोवीस न्हाईत. दाढंचे कंगोरे पार सपाट झालेत. पस्तीस तरी हायत."

पाहुणे ताडकन उठले. चुलता म्हणाला, "आमी सोयरीक करायला आलाव का बैल इकायला?"

मामा शांतपणे म्हणाले, "बैल इकायला आला असता तर निदान दात बघू दिल्यावर रागावला नसता."

सोयरीक तिथंच मोडली. माझ्या वडलांनी महिनाभर मामांशी अबोला धरला. मग कुठून तरी कळलं की मुलगा खरोखरच छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात वडील स्वतः मला कॉलेजात नाव घालायला घेऊन गेले. आमच्या घरात सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे ताठ मानेनं सांगते. त्या पायरीशी मला कुणाच्या जिभेनं नेऊन सोडलं, तेही सांगायला हवं.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते. सगळ्या गावाचेच मामा. आमचं गाव पूर्णा तालुक्यात, गोदावरीच्या काठी. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे जीपनं. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. या गावात मामांना ना शेत होतं, ना दुकान. ते हेडी होते. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभा राहून जनावराची पारख सांगतो, सौदा जुळवतो, तो हेडी. हा शब्द आमच्याकडे कुणी मानानं उच्चारत नाही. हेडी म्हणजे लबाड, असंच लोक धरून चालतात. मामांना ते ठाऊक होतं.

"माझ्यापाशी काय हाय?" ते म्हणायचे. "एक जबान आन् दोन डोळे. जबान एकदा खोटी पडली की डोळ्यांला कोन इचारतंय?"

मानवतपासून पार लोह्यापर्यंतचे बाजार त्यांनी पायी तुडवले होते. बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढायचा, एक नजर टाकायची आणि सोडून द्यायचं. दुधाचे दात असतील तर आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती. आठही दात आले की जुळलेला. एवढं तर आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. मामा त्याच्या पुढचं सांगत. हा कडब्यावर वाढला, हा माळावर चरलेला आहे, याच्या चाऱ्यात वाळू जात होती, याला उजव्या बाजूनं चावता येत नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा करून बाजारात उभा केला होता. मामांनी त्याचा ओठही उघडला नाही. समोर कडब्याची पेंढी टाकली आणि बघत राहिले. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "बैल कसा चघळायलाय बघ. तू निस्ते पुढचे घासलास, दाढा राहिल्या की!" माणसं पोट धरधरून हसली. व्यापारी बैल घेऊन गेला तो त्या बाजारात पुन्हा दिसला नाही.

बी. एस्सी. झाल्यावर मी विद्यापीठात भूशास्त्राला प्रवेश घेतला. घरी कुणाला ते नीटसं कळलं नाही. आई म्हणाली, "दगडमाती तर आपल्या रानात बी हाय, त्याला नांदेडला कशाला जायचं?" मामांनी मात्र मला पारावर बसवून घेतलं. "कालेज, काय शिकायलीस ते नीट सांग." ते मला कधी नावानं हाक मारत नसत, कालेज हेच माझं नाव. मी सांगितलं की आपल्या पायाखालचा काळा पत्थर म्हणजे एके काळचा वितळलेला लाव्हा. त्याच्यावर नदीनं गाळाचे आणि गोट्यांचे थर टाकले. त्या थरांत मेलेल्या जनावरांची हाडं अडकली, त्यांत हळूहळू क्षार झिरपले आणि हाडांचा दगड झाला. त्याला जीवाश्म म्हणतात. त्यावरून तेव्हाचं पाणी, गवत, हवा, सगळं सांगता येतं.

मामांनी पाराखालचा एक खडा उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "म्हंजी तुमी बी हेडीच की! जनावर म्होरं नसताना हाडावरून पारख करायची. आमच्याहून अवघड हाय."

माझ्या शिक्षणाची एवढी नेमकी तारीफ पुढे कुणीच केली नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या गावात गंगेच्या काठावर महादेवाचं जुनं देऊळ आहे. तिथं पिंडीच्या शेजारी चांदीच्या ताटलीत मुठीएवढा एक काळपट दगड ठेवलेला असायचा. त्याच्या माथ्यावर चार बेलाची पानं कोरल्यासारखी उमटलेली होती. प्रत्येक पान तीन पाकळ्यांचं, कडा पांढुरक्या, चकाकत्या. महादेवानं स्वतः उमटवलेला बेल म्हणून त्याची पूजा व्हायची. पिढ्यानुपिढ्या तेल आणि गंध लावून तो इतका माखलेला असे की पानं धड दिसतही नसत. मी लहानपणापासून त्याला हात जोडत आले. भूशास्त्र शिकून आल्यावरही जोडले आणि पुढे निघून गेले. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते.

मी भूशास्त्र शिकून घरी आले त्या वर्षी श्रावणी सोमवारी भगवानकाका गुरवांनी तो दगड गरम पाण्यानं घासून धुतला आणि नवं गंध लावायच्या आधी ताटलीत ठेवला. मामा रांगेत होते, त्यांच्यामागे मी. मामा वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"भगवानराव," ते म्हणाले, "ही तर दाढ हाय."

"कसली दाढ?"

"जनावराची. मुळी तुटलीय, पर दाढ हाय."

मागून कुणीतरी विचारलं, "म्हशीची का मामा?"

मामांनी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण पारख विचारली आणि मामा गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं. "न्हाई, न्हाई," ते म्हणाले. "गाई-म्हशीच्या दाढंवर चंद्रकोरी असत्यात. हितं बेल हाय. रानडुकराच्या जबड्यात आसं काहीतरी बघितलंय मी. ही डुकराच्या जातीची हाय."

गाभाऱ्यात जो गलका उठला तो देवळाबाहेर गेला. महादेवाच्या गाभाऱ्यात, श्रावणी सोमवारी, डुक्कर! भगवानकाकांनी ताटली उचलून छातीशी धरली. मामांना कळेना की लोक एवढे का चिडले. ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "आरं, पोखर्णीला जाऊन सिंहाच्या तोंडाच्या देवाला हात जोडताव न्हवं? मग डुकरानं काय घोडं मारलंय? त्याचा बी अवतार झालाच की!"

हे तर जास्तच झालं. दोन-तीन तरण्या पोरांनी त्यांना हाताला धरून देवळाच्या आवाराबाहेर काढलं.

गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. पण गावानं केलं ते त्यांच्यासाठी वाईट होतं. गाव हसायला लागलं. "मामा, ह्या भोपळ्यात काय दिसायलंय, डुक्कर का रेडा?" पोरं विचारायची. बाजारातही गोष्ट पोचली. पुढच्या आठवड्यात मामा आपल्या नेहमीच्या लिंबाखाली बसले आणि दिवसभरात एकही बैल त्यांच्यापुढे आला नाही. आमच्याच गावच्या माणसानं जोडी घेताना दुसरा हेडी बोलावला. ज्याला देवाचा दगड ओळखता येत नाही, त्याला बैल काय ओळखू येणार?

दोन दिवसांनी मामा आमच्या अंगणात आले. चेहरा उतरलेला होता.

"कालेज, एक काम कर. मी चुकलो असंल तर महादेवापुढं नाक घासतो, समद्या गावाची माफी मागतो. पर आधी मला कळू दे, मी चुकलो का. साठ वर्सं दात बघितले. माझी नजर शाबूत हाय का गेली, एवढंच सांग."

मला सांगता येईना. मी दगडांचे थर शिकले होते, दातांतलं मला काही कळत नव्हतं. दगड घेऊन विद्यापीठात जावं तर भगवानकाका तो देवळाबाहेर काढू देणार नव्हते. पॅरिस प्लास्टरचा साचा घ्यावा म्हटलं, तर "देवाला चुना फासायचा न्हाई" म्हणाले. शेवटी मार्ग मामांनीच काढला. त्यांनी भगवानकाकांना लांबूनच विचारलं, "कणकीचे दिवे चालत्यात न्हवं महादेवाला? मग कणीक लागली तर इटाळ होईल का?"

भगवानकाकांनी विचार केला. कणीक चालत होती.

माझ्या आईनं सोवळ्यानं घट्ट कणीक मळून दिली. मी गाभाऱ्यात बसून ती दगडावर दाबली, अलगद सोडवली आणि त्या ठशात घरी येऊन प्लास्टर ओतलं. मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते सगळं आमच्या सरांकडे नेलं. सर बघतच राहिले. त्यांनी फोटो त्यांच्या स्वतःच्या शिक्षिकेला पाठवले. या बाईंचं सगळं आयुष्य जुन्या जनावरांची हाडं ओळखण्यात गेलेलं. आता निवृत्त होत्या. अर्ध्या तासात बाईंचा फोन आला. त्यांनी मला काय असेल ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, "हा दात आहे, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं?"

"आमच्या गावच्या हेड्यानं," मी म्हणाले.

"मी येते," बाई म्हणाल्या.

बाई आल्या तेव्हा देवळापुढे अख्खं गाव जमलं होतं. मामा आवाराच्या बाहेर, लिंबाच्या पारावर. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पटका. जणू बाजाराला निघाले होते. बाईंनी चप्पल काढली, पाय धुतले, आधी पिंडीला नमस्कार केला. हे भगवानकाकांनी बघून ठेवलं. मग ताटलीतला दगड दोन्ही हातांनी उचलून उजेडात आणला, खिशातलं भिंग लावून उलटसुलट बघितला. मग बाहेर येऊन विचारलं, "मामा कोण?"

लोकांनी बोट दाखवलं. बाई पाराशी गेल्या.

"मामा, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक."

मामांचा चेहरा पडला. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"ही दाढ आहे, हे शंभर टक्के बरोबर. गाई-म्हशीची नाही, हेही बरोबर. पण डुकराची नाही. ही पाणघोड्याची आहे. आणि मामा, तुम्ही एकटे फसला नाहीत. मोठमोठे विद्वान दाढांकडे बघून पाणघोड्याला डुकराचाच भाऊबंद समजत होते. कितीतरी वर्षं. पुस्तकांत तसंच छापलेलं होतं. तुम्ही पुस्तक न वाचता तिथवर पोचलात."

गावात बहुतेकांनी पाणघोडा टीव्हीवरच बघितलेला. सरपंचांनी विचारलं, "पर बाई, पाणघोडा आफ्रिकेत असतो न्हवं? हितं कुठून येणार?"

मग बाईंनी जे सांगितलं ते मी वर्गात अनेकदा ऐकलं होतं, पण कळलं त्या दिवशी. पाणघोड्याला दिवसभर खोल पाण्यात राहावं लागतं. उन्हात त्याची कातडी फुटते. रात्री तो बाहेर येऊन गवत चरतो. म्हणजे ज्या काळात हे जनावर इथं जगलं, त्या काळात ही गंगा उन्हाळ्यातही आटत नव्हती. तिच्यात बाराही महिने डोह होते आणि काठाला हिरवी कुरणं होती. "आज तुम्ही चैत्रात नदी पायी ओलांडता," बाई म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वी इथं पाणघोडे डुंबत होते. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहिणारा माणूसच नव्हता. लिहिलेलं आहे ते फक्त या दाढेवर."

भगवानकाका हळूच म्हणाले, "म्हंजी ह्यो देव न्हाई?"

बाईंच्या आधी मामाच बोलले. "आवो भगवानराव, ज्याच्या अंगावर बेल उमटलाय आन् ज्यानं भरलेली गंगा बघितलीय, त्याला आणखी कसं देव म्हणायचं? ऱ्हाऊ द्या तितंच."

लोक हसले, पण या हसण्यात वेगळं काही होतं. भगवानकाका पाराजवळ आले आणि मामांचा हात धरून त्यांना देवळात घेऊन गेले. मामांनी दाढ हातात घेतली. पहिल्यांदाच. अंगठा फिरवला, बैलाच्या ओठावर फिरवायचे तसा.

"बाई, जनावर तरणं होतं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"ही पुढची दोन पानं घासून रुंद झालीत. मागची दोन बारीकच हायत, आत्ता कुठं घासायला लागलीत. म्हंजी दाढ नवी आलेली. जनावर भरात होतं." ते थांबले. "मग मेलं कशानं?"

"ते एका दाढेवरून सांगता येणार नाही, बाकीची हाडं मिळायला हवीत," बाई म्हणाल्या. मग बाईंनी भगवानकाकांना विचारलं, ही दाढ सापडली कुठं? काकांच्या आज्यानं ती देवळाच्या खालच्या अंगाला, काठ खचला तिथून आणली होती.

आम्ही सगळेच काठावर उतरलो. काळ्या मातीच्या खाली गोटे आणि वाळूचा चुनखडीनं घट्ट झालेला थर आहे, त्यात पांढरट ढलप्या ठिकठिकाणी डोकावत होत्या. हाड कुठलं आणि दगड कुठला, नजरेनं कळत नव्हतं. बाईंनी एक ढलपी उचलून जिभेला लावली. "हाड सच्छिद्र असतं, जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही," त्यांनी सांगितलं. तेवढं ऐकताच सत्तरी ओलांडलेले मामा गुडघ्यावर बसले आणि एकेक ढलपी चाटत सुटले. थू. थू. थू. वर उभं असलेलं गाव हसून लोळायचं बाकी होतं. मी तेवढ्यात मामांना उठवायला पुढे झाले. तर मामांनी हात वर केला. तोंड थराला लागलेलं, बोलता येईना. जीभ चिकटली होती.

बाईंनी ब्रश घेतला. मी चाकूच्या टोकानं भोवतीची वाळू सोडवली. ऊन कलायच्या आत खालचा अर्धा जबडा उघडा झाला. त्यात दोन दाढा जागेवर होत्या, माथ्यावर बेल असलेल्या, आणि त्यांच्या मागं हाडाच्या आत अजून न उगवलेली एक. मामांनी वाकून बघितलं आणि वर उभ्या असलेल्या गावाला ओरडून सांगितलं, "सांगितलं न्हवतं? तरणं हाय म्हणून!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांना देवळाबाहेर काढणाऱ्या पोरांनीच त्यांना खांद्यावर घेऊन काठ चढवला. पुढच्या बाजारात मामांच्या लिंबाखाली बैलांची रांग लागली. एक म्हातारा शेतकरी नांदेडच्या पलीकडून आला होता. त्याला बैल घ्यायचाही नव्हता आणि विकायचाही नव्हता. "गंगेत जनावर वळखलेला हेडी बघाया आलो," म्हणाला.

जबडा आता विद्यापीठात आमच्या विभागाच्या काचेच्या कपाटात आहे. त्याच्यावरच माझा प्रबंध झाला आणि त्याच्यामुळेच आज मी त्याच विभागात शिकवते. कपाटात जबड्याशेजारी लावायची चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा सरांनी मामांच्या नावापुढे 'स्थानिक अभ्यासक' असं लिहिलं. मी फोनवर वाचून दाखवलं, तर मामा भडकले.

"अभ्यासक-फिभ्यासक नगं. हेडी म्हणून लिव्हा. लोकांला कळू दे, हेडी बी खरं सांगतो."

तसंच लिहिलं. जबडा, पाणघोडा, गोदावरीचा काठ. ओळखणारे सटवाजी, हेडी. त्यांना ते बघायला मी विद्यापीठात घेऊन आले. पटका सारखा करून ते कपाटापुढे उभे राहिले आणि मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा 'हेडी' शब्दावर मान डोलावली. भोवती माझे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी जमले होते. त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "मामा, हे तरणं जनावर मेलं कशानं?"

मामा काचेजवळ गेले. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, वाकून खालून बघितलं.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

मुलीचा हिरमोड झाला. "मामा, अंदाज तरी सांगा की."

"न्हाई माय. दातात दिसलं तेवढं सांगितलं. दातात दिसत न्हाई ते सांगणारा हेडी लबाड." मग त्यांनी मुलीच्या हातातली वही बोटानं ठोकली. "तिथून म्होरं तुमी शोधा."